पैठण ते खुलताबाद : दगडांचे आणि ग्रंथांचे वाचन

साहित्याच्या वर्गात गावांची नावे आपण फार सहज उच्चारतो. प्रतिष्ठान, देवगिरी, वेरूळ, नेवासे. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जशीच्या तशी परत करतात. या नावांच्या गावी प्रत्यक्ष जाऊन काय हाती लागते, हे पाहावे म्हणून आम्ही काही अध्यापक आणि एम. ए.चे विद्यार्थी डिसेंबरातले तीन दिवस छत्रपती संभाजीनगरच्या आसपास हिंडलो. आमच्यात इतिहासाचा पदवीधर एकही नव्हता. आमच्याजवळ होती ती ग्रंथ वाचण्याची सवय, आणि तीच सवय दगडांना लावून पाहण्याचा आमचा विचार होता. हे धाडस कितपत योग्य होते ते वाचकांनी ठरवावे.

आरंभ पैठणपासून केला, कारण मराठीच्या पूर्वजन्माचा पहिला मोठा ग्रंथ याच परिसराशी जोडलेला आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तिच्यात गोदावरी पुनःपुन्हा येते. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची मराठी आवृत्ती सिद्ध केल्यापासून आपल्याकडे ती अभ्यासक्रमात रुळली. परंतु गाथा वाचून पैठणला आलेल्या माणसाची एक गंमत होते. राजाच्या नावावर असलेल्या या संग्रहात राजवाडा जवळजवळ नाहीच. शेते आहेत, पाणवठे आहेत, प्रवासाला गेलेल्या नवऱ्यांच्या बायका आहेत, गावच्या पाटलाचा मुलगा आहे. आणि पैठणलाही सातवाहनांचा राजवाडा दिसत नाही. दिसतात ती पांढरीची टेकाडे, त्यांत सापडणारे खापरांचे तुकडे आणि खाली नदी. निजामी अमदानीत १९३७ साली व पुढे १९६५ साली येथे उत्खनने झाली. जुने नगर आजच्या वस्तीखाली पसरले असल्याने ते सगळे उकरणे शक्यच नाही. राजधानीचे नाव घेऊन आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांची थोडी निराशा झाली, हे कबूल केले पाहिजे.

ती निराशा घालवायला एक गोष्ट उपयोगी पडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासाचे मार्गदर्शक टिपण लिहिले. ते ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाते. त्यात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, असल्याचे तो नोंदवतो. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून कापड, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येते, असेही सांगतो. त्याच्या याद्यांत भडोचला उतरणारा माल आहे : इटलीची मद्ये, तांबे, कथील, पोवळी. भूमध्य समुद्रातले पोवळे गोदाकाठी आले असेल, आणि गोदाकाठचा खडा तिकडच्या कुणाच्या अंगठीत बसला असेल. मराठी वाचकाला आपले गाव परक्याच्या जमाखर्चात असे अचानक भेटते तेव्हा त्या कोरड्या यादीलाही काहीएक रस येतो.

या दळणवळणाचा पुरावा पैठणच्या जवळच आहे. पैठणच्या ईशान्येला, आज जालना जिल्ह्यात असलेल्या भोकरदन येथे, म्हणजे जुन्या भोगवर्धनात, १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. तिथे एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. त्याचे साम्य आहे इटलीतल्या पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचलेली होती. तेरलाही अशाच घडणीची मूर्ती मिळाली आहे. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कोठे घडली यावर विद्वानांची चर्चा चालू राहील, परंतु अशा मूर्ती घडवणारे हात मराठवाड्यात होते एवढे मानायला हरकत नसावी.

पैठणशी जोडलेली दुसरी कथा ग्रंथाच्या नाशाची आहे. कथासरित्सागरात ती येते. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी संस्कृतात त्याला म्हणते, ‘मोदकैः’ मारू नकोस. म्हणजे ‘मा उदकैः’, पाण्याने नको. राजाला संधी कळत नाही, तो मोदक मागवतो, राणी हसते. अपमानित राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवतो असे गुणाढ्य म्हणतो. शर्ववर्मा सहा महिन्यांत शिकवण्याची प्रतिज्ञा करतो. शर्ववर्मा जिंकलाच तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, असा पण गुणाढ्याने लावलेला असतो. तो हरतो, अरण्यात जातो आणि पैशाचीत, स्वतःच्या रक्ताने, बृहत्कथा लिहितो. राजाने ती तुच्छतेने परत पाठवल्यावर एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकतो. सात लक्ष श्लोकांपैकी एक लक्ष उरतात. पुढे तेही मूळ रूपात उरले नाहीत. आज बृहत्कथा आपल्याला इतरांच्या संस्कृत-प्राकृत रूपांतरांतूनच माहीत आहे. ज्या नगराचा राजवाडा नाही त्याच नगराचा सर्वांत मोठा कथाग्रंथही नाही. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने नागघाटाच्या पायऱ्यांवर बसून विचारले, “मॅडम, मग पैठणचं उरलं तरी काय?” त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. घाटावरून परतताना नाथांच्या वाड्यात गेलो तेव्हा अर्धे उत्तर मिळाले, पण ते पुढे येईल.

वाटेत नाथसागर दिसला. जायकवाडीच्या धरणाचा पाया १९६५ साली घातला गेला आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण झाले. त्याच्या पाण्याखाली कितीतरी गावे गेली. त्या गावांच्या देवळांचे, पारांचे, ओव्यांचे काय झाले याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात कुठेही नाही. नाश म्हटला की आपल्याला परचक्र आठवते. पाणीही नाश करते आणि त्याच पाण्यावर आम्ही राहतो त्या शहराची तहान भागते, हे तिथे उभे असताना विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पितळखोऱ्याला गेलो. कन्नडच्या पुढे, गौताळ्याच्या डोंगररांगेत, ओढ्याच्या दोन्ही काठांवर ही लेणी आहेत. खूप पायऱ्या उतराव्या लागतात. पर्यटक थोडे असतात. लेण्यांचा दर्शनी भाग बराचसा कोसळलेला आहे, तरी विहाराच्या पायथ्याशी उभी असलेली हत्तींची रांग आणि चैत्यगृहातील खांब पाहून माणूस गप्प होतो. याच चैत्यगृहातील खांबांवर दानाचे लहान लेख आहेत. पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, एक खांब दिला. दुसरा खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिला. येथे मिळालेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर कोरले आहे की ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला इथे एक उत्तर मिळाले असे आम्हांला वाटले. राजाचा वाडा गेला, गुणाढ्याचा ग्रंथ गेला, पण पैठणच्या एका अत्तरविक्याचे नाव दोन हजार वर्षे खांबावर राहिले. गाथेत ज्या प्रकारची माणसे आहेत त्याच प्रकारची ही माणसे. आणि सोनाराने दगडात मूर्ती घडवली, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या यक्षाच्या अंगावरचे दागिने पाहिले की एका धंद्याचा हात दुसऱ्या धंद्यात कसा उतरतो ते कळते. आमच्यापैकी एकाने त्यावर म्हटले की संतकवींनी आपापल्या व्यवसायाची परिभाषा अभंगात आणली तेव्हा ती काही नवी गोष्ट नव्हती. हे विधान जरा घाईचे आहे, परंतु नरहरी सोनार शिकवताना आता कान्हदास आठवेल यात शंका नाही.

वेरूळविषयी सर्वांना सर्व माहीत असते, असे आम्ही समजत होतो. बौद्ध १२, हिंदू १७ आणि जैन ५, अशी ३४ लेणी, १९८३ पासून जागतिक वारसा, मध्ये कैलास. पण कैलासाविषयी ग्रंथ काय म्हणतात ते एकत्र ठेवून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. राष्ट्रकूट कर्काच्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या ताम्रपटात एलापुरच्या देवालयाचे वर्णन आहे. आकाशातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात. इतकेच नव्हे तर, हे आपण कसे केले असेल, असा विस्मय खुद्द ते घडवणाऱ्या शिल्पीलाही पडतो, अशा अर्थाचे ते वर्णन. हे काम कृष्णराजाने करविले असे त्यावरून मानतात. कृष्ण पहिला याचा काळ सुमारे इ. स. ७५६ ते ७७३. शेजारच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात त्याच्या पुतण्याचा, दंतिदुर्गाचा, अपुरा राहिलेला लेख आहे. शिल्पीचे नाव मात्र ताम्रपटात नाही.

ते नाव पुढे मराठीने दिले. कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत ही कथा आहे. आजारी राजासाठी राणी माणकावती घृष्णेश्वराला नवस बोलते : राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. देऊळ बांधायला महिनोन्‌महिने लागतील असे कारागीर सांगतात, म्हणजे राणी मरणार. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे येतो आणि आठवड्याभरात शिखर दाखवतो, कारण तो डोंगर वरून खाली खोदत येतो. कैलास वरून खाली कोरला आहे हे आजचे अभ्यासकही सांगतात. म्हणजे बांधकामाची खरी युक्ती लोकांच्या आठवणीत शतकानुशतके शाबूत राहिली, आणि ती शाबूत राहावी म्हणून कुणीतरी तिला उपाशी राणीची गोष्ट दिली. आम्ही मागच्या डोंगरावर चढून वरून खाली पाहिले. त्या जागेवरून शिखर आधी दिसते. राणीच्या नवसाचे व्यवहारी शहाणपण तिथे उभे राहिल्यावरच पटते.

चक्रधरस्वामी वेरुळच्या लेण्यांत मुक्काम करून राहिल्याचे लीळाचरित्रात येते. तेराव्या शतकातला हा माणूस आपल्या शिष्यांसह ओस पडलेल्या विहारांत वावरतो आहे, ही कल्पना आजच्या कुंपण-तिकिटांच्या वेरुळात करणे अवघड जाते. ज्यांच्यासाठी ती लेणी कोरली ते भिक्षू केव्हाच निघून गेलेले. नवा पंथ त्या जुन्या छताखाली बसून मराठीत बोलतो आहे. पुढे म्हाइंभटाने ते बोलणे जमवले. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि आठवणींतून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला गेला, असे महानुभाव परंपरा सांगते. नंतर तो सांकेतिक लिपीत बंद राहिला आणि विसाव्या शतकात वाचकांच्या हाती आला. बृहत्कथेला जे भाग्य लाभले नाही ते लीळाचरित्राला लाभले, याचे कारण ती तोंडपाठ असणारी माणसे होती. साहित्याच्या शिक्षकांनी पाठांतराची थट्टा करताना एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरा दिवस देवगिरीचा. भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी केली. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा याच देवगिरीवर रामचंद्र यादव राज्य करीत होता आणि ग्रंथाच्या शेवटी त्याचा गौरवाने उल्लेख आहे. वर्गात आम्ही तो उल्लेख काळ ठरवण्यापुरता वापरतो. अवघ्या सहा वर्षांनी, १२९६ साली, अलाउद्दीन खिलजी येथे येऊन धडकला. वेढ्यात धान्याच्या गोण्या उघडल्या तर त्यांत मीठ निघाले, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, ज्ञानेश्वरीचा समारोप आणि ती मिठाची गोणी यांच्यामध्ये फक्त सहा वर्षे आहेत हे किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर अंगावर येते.

किल्ल्यात शिरल्यावर डाव्या हाताला एक विस्तीर्ण पटांगण आणि खांबांची रांगच्या रांग लागते. यादवांचे राज्य संपवल्यावर कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने १३१८ साली ही जामा मशीद बांधली, आणि त्यासाठी देवळांचे खांब वापरले. ते खांब देवळांचे आहेत हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, त्यानंतर येथे भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली आणि आज ही जागा भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. देऊळ, मशीद, पुन्हा देऊळ. खांब तेच.

“सर, मग हे नक्की कुणाचं?” एका विद्यार्थ्याने विचारले.

आमच्यातल्या ज्येष्ठांनी ताबडतोब सांगितले, “सगळ्यांचं.”

“हे परीक्षेतलं उत्तर झालं, सर,” तो म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नव्हता. आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प राहिलो.

आमच्यापैकी एक जण काही वर्षांपूर्वी सिसिली बेटावर जाऊन आला होता. त्याने तिथल्या सिराक्यूज नगरातील मुख्य चर्चची हकीकत सांगितली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीकांनी तिथे अथेना देवीचे देऊळ बांधले. सातव्या शतकाच्या सुमारास त्याच खांबांमध्ये भिंती घालून त्याचे चर्च झाले. ८७८ साली अरबांनी नगर घेतल्यावर तिथे मशीद झाली. अकराव्या शतकात नॉर्मन आले आणि पुन्हा चर्च झाले. १६९३ च्या भूकंपानंतर दर्शनी बाजू नव्या तऱ्हेने बांधली. आजही बाहेरच्या रस्त्यावरून जाताना भिंतीत गाडलेले ग्रीक खांब दिसतात, आणि लोक आत प्रार्थना करीत असतात. सायप्रस बेटावर फामागुस्ता येथे याच्या उलट आहे : संत निकोलसचे गॉथिक चर्च १५७१ मध्ये उस्मानी तुर्कांनी नगर घेतल्यावर मशीद झाले आणि आजही मशीदच आहे. म्हणजे आपल्याकडचा प्रकार जगावेगळा नाही.

परंतु या तुलनेने त्या विद्यार्थ्याचे समाधान झाले नाही, आणि विचार करता आमचेही झाले नाही. दुसरीकडेही असेच घडले, एवढ्याने इथले घडलेले हलके होत नाही. देवळे मोडूनच ते खांब इथे आले. ज्यांची ती देवळे होती त्यांना काय वाटले याची नोंद आपल्याजवळ नाही. १९४८ पर्यंत जे इथे नमाज पढत असतील त्यांच्या मनाची नोंदही आम्हांला कुठे वाचायला मिळालेली नाही. सिराक्यूजच्या खांबांकडे आपण शांतपणे पाहतो याचे एक कारण असे की अथेनेचे भक्त आज उरलेले नाहीत. इथे मात्र सर्व पक्षांचे वारस हयात आहेत, आणि एकाच वर्गात शेजारी शेजारी बसतात. ‘कुणाचे’ हा प्रश्न त्यांच्यापैकी प्रत्येकाला निराळा ऐकू येतो. तेव्हा शिक्षकाने ‘सगळ्यांचं’ म्हणून विषय संपवला तर तो शिकवण्याचे टाळतो, असे आम्हांला आता वाटते. आधी खांब कुठले, ते कुणी आणले, केव्हा आणले, पुढे काय झाले, हे सर्व सनावळीसह सांगावे. पाठांतरे असलेल्या पोथीत आपण एकही पाठ गाळत नाही. संपादकाला जो पाठ आवडत नाही तोही तळटीपेत द्यावाच लागतो.

वर चढताना जनार्दनस्वामींची समाधी लागते. निजामशाहीत ते या किल्ल्याचे अधिकारी होते, असे परंपरा सांगते. पैठणचा पोरका मुलगा एकनाथ त्यांच्याकडे शिकायला इथे आला. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेतले होते असे मानतात. याच एकनाथांनी पैठणला परतून ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यांनीच हिंदू-तुर्क संवाद लिहिला, ज्यात दोन्ही पक्ष एकमेकांना भरपूर बोलून घेतात आणि मग समेटाला येतात. त्या संवादात आधी भांडण आहे, हे आपण शिकवताना बहुधा वगळतो. नाथांच्या वाड्यात पहिल्या दिवशी मिळालेले अर्धे उत्तर ते हेच. पैठणचे काही उरले असेल तर प्रती जुळवून पाहण्याची ही रीत.

चौदाव्या शतकात, १३४२ च्या सुमारास, मोरोक्कोचा इब्न बतूता या नगरातून गेला. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला दौलताबाद करून राजधानी इथे हलवली त्याला तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. किल्ल्यातल्या अंधारकोठड्यांमध्ये मांजरांहून मोठे उंदीर आहेत, असे तो सांगतो. गाणाऱ्यांच्या एका संपन्न बाजाराचेही वर्णन करतो. पुढे घरी परतत असताना या माणसाचे गलबत सार्डिनिया बेटालाही लागले होते. देवगिरी आणि भूमध्य समुद्रातले बेट एकाच माणसाने डोळ्यांनी पाहिले, आणि दोन्ही एकाच ग्रंथात आली. आमच्या अभ्यासक्रमात त्याचा उतारा असायला हरकत नाही, उंदरांसह.

तुघलकाची राजधानी टिकली नाही. पण दिल्लीहून आलेली सगळी माणसे परत गेली नाहीत. त्यांच्या बोलीला इथल्या मातीत दखनी रूप येत गेले. त्यांतले सूफी खुलताबादला विसावले. १३३७ साली निवर्तलेले बुऱ्हानुद्दीन गरीब, त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराजी, आणि निजामुद्दीन औलियांची वचने टिपून ठेवणारे कवी अमीर हसन यांच्या कबरी येथे आहेत. गुरूचे बोलणे शिष्याने लिहून ठेवावे, हा लीळाचरित्राचाच वाङ्मयप्रकार. तो फार्सीत लिहिणारा माणूस आणि म्हाइंभट यांच्यात जेमतेम पिढी-दोन पिढ्यांचे अंतर आहे. दोघे कधी एकमेकांना ठाऊक नव्हते, आणि आपल्या वर्गांतही ते एकमेकांना भेटत नाहीत.

झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारातच औरंगजेबाची कबर आहे. १६८९ मध्ये त्याने छत्रपती संभाजी महाराजांचा हालहाल करून वध करविला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो मेला. कबर अगदी साधी, उघड्यावर. भोवतीची संगमरवरी जाळी पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात बसवली. मार्च २०२५ मध्ये ती हटवण्याच्या मागणीवरून महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. आम्ही गेलो तेव्हा तिथे शांतता होती. विद्यार्थी फार बोलले नाहीत. एकाने परतताना एवढेच म्हटले की पंचवीस वर्षे महाराष्ट्र जिंकायला झगडलेला माणूस इथेच पुरला गेला, हे कुणी पुस्तकात लिहिले तर रचलेले वाटेल. ती कबर असल्यामुळेच हे वाक्य त्याला सुचले.

खुलताबादलाच मलिक अंबरचीही कबर आहे. हबसाणातून गुलाम म्हणून आलेल्या, पुढे निजामशाहीचा कारभार सांभाळणाऱ्या या माणसाने १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिला नहरींनी पाणी आणले. १६२६ मध्ये तो गेल्यावर त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, तिचे फतेहनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले. २०२३ साली ती छत्रपती संभाजीनगर झाली. चारशे वर्षांत चार नावे. नावे बदलणाऱ्या प्रत्येकाजवळ कारण होते, आणि ज्याला छळ करून मारले त्याचे नाव मारणाऱ्याच्या नगराला द्यावे, यामागची लोकभावना न समजण्याजोगी नाही.

तरी साहित्याच्या माणसांपुढे एक लहानशी अडचण उरते. दखनीतून उर्दू गझलेचा पाया घालणारा वली सतराव्या शतकात याच शहराचा. त्याच्यानंतरचा मोठा कवी सिराज, १७६३ मध्ये निवर्तलेला, तोही इथलाच, आणि त्याची ओळखच ‘सिराज औरंगाबादी’ अशी आहे. त्याच्या नावातून गाव काढता येणार नाही. वलीला तर थडगेही राहिले नाही. अहमदाबादला असलेली त्याची कबर २००२ च्या दंगलीत उद्ध्वस्त केली गेली आणि तिच्यावरून डांबरी रस्ता झाला. पण त्याचा दिवाण आहे. गुणाढ्याच्या बाबतीत ग्रंथ गेला आणि गोष्ट राहिली. वलीच्या बाबतीत दगड गेला आणि ग्रंथ राहिला. दोन्हींपैकी काय टिकेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून दोन्ही जपावीत, यापलीकडे मोठा निष्कर्ष आम्ही या तीन दिवसांतून काढू इच्छीत नाही.

परतल्यावर त्या विद्यार्थ्याने प्रवासाचे टिपण लिहून आणले. देवगिरीच्या खांबांपाशी त्याने स्वतःचे मत लिहिले नव्हते. १३१८ आणि १९४८ ही दोन साले लिहून पुढे दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. आम्ही त्या कोऱ्या ओळींना गुण कसे द्यावेत यावर अध्यापकांच्या खोलीत बराच वाद घातला. शेवटी पूर्ण गुण दिले, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला पितळखोऱ्याचे लेख वाचायला लावायचे ठरवले.